पाणी गार नको, सारखं हवं

बोदवडमध्ये राहून फोर बाय फाइव्हच्या फिल्म कॅमेऱ्यावर निसर्गचित्रं काढायची असतील, तर लेन्सचा आणि तिवईचा हिशेब नंतर मांडावा, आधी घरातल्या पाण्याचा. काळ्या कापडाखाली उलटं दिसणारं दृश्य नीट जुळवून, कपाशीच्या शेतापलीकडची अजिंठ्याची रांग शीटवर उतरवण्याची मेहनत शिवारात सहसा वाया जात नाही. ती वाया जाते डार्करूममध्ये, आणि तिथंही बहुतेकदा अगदी शेवटी, फिल्म धुताना. डेव्हलपरसाठी पुस्तकं २० अंश सेल्सिअस सांगतात. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या घरात असतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. मग डेव्हलपर बर्फाने २० वर आणला जातो, हायपो, म्हणजे फिक्सर, खोलीइतका गरम राहतो, आणि फिल्म सरळ नळाखाली धरली जाते. थंडीतून उन्हात असा धक्का बसला की ओल्या जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो. ट्रेमध्ये चार शीट एकदम फिरवताना एकीचा कोपरा दुसरीला ओरखडतो, आणि निगेटिव्हवरचा ओरखडा कायमचा. म्हणून माझं म्हणणं असं, की २० चा हट्ट सोडावा आणि पहिल्या द्रावणापासून शेवटच्या पाण्यापर्यंत तापमान एकच ठेवावं.

यावर कुणी म्हणेल, शेजारच्या भुसावळला ज्यांची कबर आहे त्या मेजर रॉबर्ट गिल यांनी याच उन्हात अजिंठ्याची छायाचित्रं काढली, १८६४ मध्ये ती जेम्स फर्ग्युसन यांच्या पुस्तकात छापूनही आली. मग एवढं अवडंबर कशाला? पण गिल यांच्या काचांवर जिलेटिन नव्हतंच. जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची पद्धत रिचर्ड मॅडॉक्स यांनी मांडली ती १८७१ मध्ये. गिल यांच्या अडचणी वेगळ्या होत्या, आपली अडचण ही आपल्या फिल्मच्या थराची आहे. आजच्या फिल्म कारखान्यातच कडक करून येतात, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्यामुळे थराला भेगांसारखं जाळं पडणं आता विरळ झालंय, हे खरं. ओरखड्यांचं मात्र तसं नाही. ओला थर किती मऊ पडतो ते शेवटी पाण्यावरच ठरतं.

तापमान वाढवलं की वेळ घटते, आणि खरी गोम तिथे आहे. एचपी५ प्लस या फिल्मला न पातळ केलेल्या आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. ३० अंशांना ती तीनच्या आसपास येतील, आणि एवढ्या घाईत आभाळ एकसारखं उतरत नाही, पट्टे दिसतात. उपाय म्हणजे डेव्हलपर समभाग पाण्याने पातळ करणं. तेव्हा २० अंशांना १३ मिनिटं लागतात, म्हणजे २७ अंशांना सहाच्या आसपास उरतात, तेवढी पुरतात. आणि २७ अंश इथं आणता येतात, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे: रांजणातलं पाणी ओल्या गोणपाटाने रात्रभर निवतं. बर्फ लागलाच तर पिशवीत बांधून बाहेरच्या परातीत ठेवावा. द्रावणात टाकला तर ते किती पातळ झालं याचा पत्ता राहत नाही.

एसी असला की झालं, असंही सुचवलं जातं. एसी हवा गार करतो, टाकीतलं पाणी नाही. हां, लागणारं सगळं पाणी आदल्या दिवशी त्याच खोलीत भरून ठेवलं तर एसी उपयोगी पडतो, आणि वीज गेली तरी भरलेली बादली तासभर फारशी हलत नाही. शीट पुण्या-मुंबईच्या लॅबकडे पाठवणं हाही मार्ग आहेच, फक्त ते पार्सल उन्हात कुठे किती वेळ पडून राहील हे आपल्या हातात नसतं.

उरतं धुणं. वाहत्या नळाखाली अर्धा तास हा सल्ला टंचाईच्या तालुक्यात बेजबाबदारपणाचा वाटतो. फिल्म बनवणाऱ्या इलफर्डची पद्धत तीन भरण्यांत काम भागवते: झाकणाच्या टाकीत पाणी भरून पाच वेळा उलथायचं, बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस. अट एवढीच की फिक्सरमध्ये हार्डनर नको. उष्ण मुलखात हार्डनर घालाच, असं जुने जाणते सांगतात. त्याने थर कडक होतो, पण हायपोही अडकून राहतो आणि पाणी कितीतरी जास्त लागतं. पाणी सारखं ठेवणाऱ्याला त्याची गरज क्वचित पडेल. वापरलेला हायपो तेवढा मोरीत किंवा परसातल्या झाडांना घालू नये. फिल्मवरची चांदी त्यात उतरलेली असते.