काडीशिवाय पेटणारा दिवा

बालमित्रांनो, काडी न ओढता आग पेटेल का? या गोष्टीची सुरुवात आपल्या आयर्लंडमध्येच, कॉर्क शहरात झाली. तिथल्या रॉयल कॉर्क इन्स्टिट्यूशनमध्ये एडमंड डेव्ही रसायनशास्त्र शिकवीत. प्लॅटिनमच्या अगदी बारीक भुकटीला मद्यार्क लागला की ती तापून लालबुंद होते, हे त्यांनी १८२० साली जाहीर केले.

१८२३ साली जर्मनीत डोबरायनर यांनी प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनची धार सोडली. गोळा तापला आणि वायू पेटला! त्यावरून त्यांनी दिवाही बनवला. प्लॅटिनम मात्र खर्च होत नाही. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे ते हायड्रोजन व ऑक्सिजन यांची आपल्या पृष्ठभागावर गाठ घालून देते. अशा पदार्थाला 'उत्प्रेरक' म्हणतात.

खरी गंमत धारेत आहे. नळीचे तोंड गोळ्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर दूर होते. का बरे? वाटेत धार भोवतालची हवा ओढून घेते. नळी फार जवळ असेल तर हवा कमी मिसळते; फार दूर असेल तर हायड्रोजन विरळ होतो. धार फार जोराची असेल तर ती गोळ्याची उष्णताच घेऊन जाते. हळू फुंकर घातली तर निखारा फुलतो, जोराने फुंकले तर मेणबत्ती विझते, तसेच हे!

पालकांनो, हायड्रोजनची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून हा प्रयोग घरी नको.

स्वाध्याय : 'उत्प्रेरक' हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहा.