समच्छेद बैजिक अपूर्णांकांची वजाबाकी

कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यातील कागिणा नदीकाठचे मळखेड म्हणजेच राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या कारकिर्दीत, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अपूर्णांकांसाठी ‘कलासवर्ण’ हे स्वतंत्र प्रकरण असून छेदांच्या लघुतम साधारण विभाज्यास ‘निरुद्ध’ अशी संज्ञा योजिली आहे. अंश आणि छेद हे शब्द मराठीत व कन्नडमध्ये सारखेच असल्यामुळे भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील शिक्षकांची मोठीच सोय झाली आहे.

छेद समान असता तो तसाच ठेवून केवळ अंशांची वजाबाकी करावयाची. नियम सोपा आहे. चूक होते ती ऋणचिन्हापाशी. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचे काम करते, याचा विद्यार्थ्यांस विसर पडतो.

समजा, क्ष भागीदारांनी मिळून पिकविलेली तूर ५०,००० रुपयांस विकली. वाहनाचे भाडे ४,००० रुपये व प्रत्येकी मजुरी ५०० रुपये, म्हणजे एकूण खर्च (४००० + ५००क्ष) रुपये. तेव्हा प्रत्येकाचा निव्वळ वाटा असा :

५००००/क्ष − (४००० + ५००क्ष)/क्ष
= [५०००० − (४००० + ५००क्ष)]/क्ष
= (४६००० − ५००क्ष)/क्ष

कंस न घातल्यास शेवटचे पद +५००क्ष असे राहते. भागीदार ४ असतील तर खरा वाटा ११,००० रुपये. चुकीच्या रीतीने तो १२,००० येतो. हातात उरलेले ४४,००० असताना ४८,००० वाटावयाचे, असा तो हिशेब! मजुरी वजा होण्याऐवजी जमेस धरली गेली. म्हणून दुसऱ्या अंशास प्रथम कंस घालण्याची सवय फळ्यावरच लावावी, आणि क्ष ची एखादी सोपी किंमत घालून उत्तराचा पडताळा घेण्यास सांगावे.

वरील उत्तरात अंशातील क्ष व छेदातील क्ष परस्पर काटणे हीही नित्याची चूक होय. संपूर्ण अंशाचा अवयव असेल तेच काटता येते. उदाहरणार्थ,

क्ष²/(क्ष − २) − ४/(क्ष − २) = (क्ष² − ४)/(क्ष − २)
= (क्ष + २)(क्ष − २)/(क्ष − २) = क्ष + २

येथे (क्ष − २) काटता आला, तरी मूळ छेद शून्य होऊ नये म्हणून क्ष ची किंमत २ नसावी, ही अट उत्तराशेजारी लिहिणे आवश्यक आहे.