बर्फाच्या पेटीत मीठ टाकावं का?

मंठाळ भागातली आपली मासळी तलाव-धरणातली: कटला, रोहू, मृगल. उन्हाळा आला की हा प्रश्न हमखास येतो. उत्तर स्वतःच मोजून बघा.

एका बादलीत तीन वाटा बारीक बर्फ, एक वाटा जाडं मीठ. त्यात स्टीलचे तीन पेले ठेवा. पहिल्यात अर्धा लिटर साधं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात २९ ग्रॅम मीठ, तिसऱ्यात १७१ ग्रॅम साखर. शून्याखालचे आकडे असलेला थर्मामीटर घालून हळूहळू ढवळत राहा. पारा एकदा जास्त खाली जाऊन परत वर येतो, मग थांबतो. तो थांबलेला आकडा लिहा.

साधं पाणी ०, साखरेचं सुमारे उणे २, मिठाचं सुमारे उणे ३.४ अंश. साखर सहापट असून मीठच भारी, कारण पाण्यात मिठाच्या प्रत्येक जोडीचे दोन कण होतात, साखरेचे होत नाहीत. गोठणबिंदू कणांच्या संख्येवर खाली जातो. म्हणूनच बर्फ कारखान्यात साच्यांभोवतीचं मिठाचं पाणी शून्याखालीही पातळ राहतं.

आता पेटीचं. मीठ टाकलं की बर्फ शून्याखाली जातो, पण विरघळतोही लवकर. मासा उणे १ च्या आसपास गोठू लागतो. असा हळूहळू, अर्धवट गोठला की आत मोठे स्फटिक होऊन मांस फाटतं, नंतर पाणी सुटतं, मासा मऊ पडतो. भाव कमी येतो.

म्हणून पेटीत साधाच बारीक बर्फ, माशाच्या वजनाइतका, थरावर थर. खाली पाणी जायला भोक ठेवा. मीठ कुल्फीवाल्याला राहू द्या.