हवामान-पालट आणि मागील पुढाऱ्यांचे श्रेय

गेल्या चैत्रात आमच्या चिखली तालुक्यातील एका गावी पाझर तलावातील गाळ उपसण्याचे काम चालू होते. तलाव १९७३ सालच्या दुष्काळी कामातला. काम संपत आल्यावर काठी एक शिळा उभारावी असे ठरले, आणि तीवर नाव कोणाचे कोरावे या प्रश्नावर गावात दुफळी माजली. वृद्ध मंडळी म्हणाली, कै. वसंतराव नाईक यांचे. मधल्या वयाच्या गृहस्थांस कै. सुधाकरराव नाईक यांचे नाव उचित वाटले. तरुणांनी जलयुक्त शिवाराचा पक्ष धरला. त्यांतच एका शिक्षकाने शंका काढली की, १९७३ साली हवामान-पालट हा शब्दही या शिवारात कोणी ऐकला नव्हता. ज्यास रोगच ठाऊक नव्हता त्यास औषधाचे श्रेय कसे द्यावे? आमची उभी हयात महसुली दप्तरात गेलेली, सबब हे प्रकरण आमच्याकडे आले. त्या बैठकीत आम्ही निकाल दिला नाही. जे सुचले ते सर्व सभासदांच्या विचारार्थ येथे मांडीत आहोत.

प्रथम हे पाहावे की, हवामानाच्या कामाची खाती दोन आहेत. हवेतील कर्बवायू वाढल्याने पृथ्वी तापते, तो वायू कमी सोडणे हे एक खाते. जे तापणे आता टळत नाही ते सोसण्याची तयारी करणे हे दुसरे. ही दोन खाती एकत्र केली म्हणजे हिशेब कधीच जुळत नाही.

पहिल्या खात्याची स्थिती अशी : १९५८ साली हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे ३१५ भाग होते, २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तपमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. या खाती आमच्या राज्यातील जुन्या पुढाऱ्यांच्या नावे जमा थोडी व खर्चच पुष्कळ आहे. पारस, कोराडी, चंद्रपूर, परळी येथील वीज कोळशाची, आणि तीच वीज आमच्या विहिरींवरील पंपांस मिळाली. ती आम्हीच मागितली होती, म्हणून दोष देताना आवाज थोडा खाली ठेवावा. देशाच्या पातळीवर पाहता, २००८ साली डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने आठ मोहिमांचा राष्ट्रीय आराखडा काढला. २०१० साली सुरू झालेल्या सौर मोहिमेचे लक्ष्य वीस हजार मेगावॅट होते. २०१५ साली पुढील सरकारने ते एक लक्ष मेगावॅटवर नेले. त्याच वर्षी पॅरिस येथे करार झाला, तेव्हा पर्यावरण खाते पुण्याचे श्री. प्रकाश जावडेकर यांच्याकडे होते. एका पक्षाचे लोक म्हणतात बी आम्ही पेरले. दुसऱ्या पक्षाचे म्हणतात पीक आम्ही वाढविले. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि पेरणाऱ्याने व निंदणाऱ्याने एकमेकांस चोर म्हणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आम्हां घाटावरील कास्तकारांचा खरा संबंध दुसऱ्या खात्याशी आहे. वर सांगितलेल्या अहवालातच असे आहे की, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे पाऊणपट वाढले. याचा अर्थ आमच्या शिवारात काय होतो तो पाहा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लक्ष लिटर पाणी पडले. शंभर एकरांच्या पाणलोटावर तेच एक कोटी लिटर होते. हे पाणी आठवडाभर रिमझिम पडले तर काळी जमीन ते पिते. एका दुपारी कोसळले तर ते माती घेऊन नाल्याने निघून जाते. आमचा घाटमाथा असा की, येथले पाणी दक्षिणेस पैनगंगा व खडकपूर्णेवाटे गोदावरीस, आणि उत्तरेस पूर्णेवाटे तापीस मिळते. वरून आम्हांस पाणी पाठविणारा कोणी नाही. पडेल तेथेच जिरले तर ते आमचे.

आता १९७२ च्या दुष्काळाकडे वळू. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लक्ष मजूर दुष्काळी कामांवर होते. आमचे वडीलही त्यांत होते. मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी यांची चव ते अखेरपर्यंत विसरले नाहीत. त्या कामांपैकी पुष्कळसे काम खडी फोडण्याचे होते, आणि त्यातील कित्येक ढीग रस्ता न होताच पडून राहिले, हेही सांगितले पाहिजे. परंतु पाझर तलाव, नालाबांध, शेतांचे बांध हीही त्याच काळात मोठ्या प्रमाणावर झाली. वसंतरावांच्या मनात हवामान-पालट नव्हता, दुष्काळ होता. तथापि शिक्षक महाशयांस आमचे उत्तर असे की, ज्या आजोबांनी बांधावर आंबा लावला त्यांनी नातवाचे नाव ऐकले नव्हते, म्हणून आंबा नातवाचा होत नाही काय? हेतूचे श्रेय त्यांस देऊ नये. उपयोगाचे अवश्य द्यावे. हेतूच पाहावयाचा तर महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथातच पावसाचे पाणी व माती शेतात मुरविण्यासाठी बांध घालण्याचा आग्रह धरला होता. मग सर्वच मंत्र्यांस मागे बसावे लागेल.

या प्रकरणी आमच्या मते सर्वांत मोठे श्रेय ज्यांचे, त्यांचे नाव त्या बैठकीत कोणीही घेतले नाही. ते कै. विठ्ठल सखाराम पागे. ते विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या हाती ना खाते ना तिजोरी. त्यांनी १९६९ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे मागेल त्यास काम ही कल्पना अजमावून पाहिली. त्यावर रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला व शहरातील पगारदाराचा पैसा खेड्यातील बांधबंदिस्तीस लागला. हमीचा कायदा १९७७ सालचा, आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद १९७५ सालीच सोडले होते. म्हणजे एकाच कामावर कितीतरी हात लागले. पुढे २००५ साली केंद्राने देशभर जो कायदा केला त्याचा नमुनाही हाच. सुधाकररावांच्या कारकिर्दीत १९९२ साली जलसंधारणाचे स्वतंत्र खाते झाले. खुर्ची गेल्यावरही कायदा, कर आणि खाते मागे राहिले, यास आम्ही श्रेय म्हणतो. ज्याच्या मागे केवळ कोनशिला राहिली त्याचे खाते निराळे.

२०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवाराविषयी तरुण मंडळींचा उत्साह अगदीच अनाठायी नाही. त्याने अनेक गावांत लोकांस कामास जोडले. आमच्या जिल्ह्यात २०१८ साली भारतीय जैन संघटनेच्या यंत्रांनी गाळ निघाला, आणि तलाव व नाले खोल करून निघालेली माती व मुरूम महामार्गास लागला. एका खर्चात दोन कामे झाली. परंतु महालेखापरीक्षकांचा २०२० सालचा अहवालही वाचावा. सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढण्यावर त्याचा परिणाम अल्पच झाला असे त्यात म्हटले आहे. पाणी वाढले की नगदी पीक वाढते व नवी कूपनलिका खोदली जाते, हे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले. हिवरे बाजार येथे श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने कूपनलिकेवर शेती व उसाचे पीक यांस बंदी केली, म्हणून तेथील काम टिकले. असा ठराव मंत्री करू शकत नाही. ग्रामसभेसच करावा लागतो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. नोकरीत असता एका नालाबांधाच्या कागदावर आम्ही स्वहस्ते ‘काम पूर्ण’ असा शेरा लिहिला. जागेवर गेलो नव्हतो. हजेरीपट व मापे जुळत होती, तेवढे पुरेसे वाटले. पुढील ज्येष्ठात त्या बांधाचा निम्मा भाग वाहून गेला. दप्तरात तो आजही पूर्ण असेल. तेव्हापासून कागदावरील आकड्यावर कोणासही शाबासकी देण्यास आमचे मन कचरते.

मग काय पाहावे? पुष्कळ लोक माघ-फाल्गुनात भरलेला पाझर तलाव दाखवून प्रौढी मिरवितात. ही समजूत उलटी आहे. पाझर तलाव हा पाणी साठविण्याचा नव्हे, जिरविण्याचा. तळाशी बारीक गाळाचा थर बसला म्हणजे पाणी खाली जाईनासे होते व वर उन्हाने आटते. तलाव डोळ्यांस भरलेला दिसतो, आणि खालच्या अंगाच्या विहिरी मात्र कोरड्या. उलट चांगला तलाव पावसाळा सरल्यावर हळूहळू रिता होतो व त्याचे पाणी विहिरींत उतरते. म्हणून गाळ काढताना केवळ गाळच काढावा, तो उथळ व हलक्या रानात पसरावा, पाळूच्या पायथ्याशी खोदू नये, आणि सांडव्याचे दगड प्रतिवर्षी मृगापूर्वी पाहून घ्यावेत. सोयाबीन व तुरीस रुंद वरंबा-सरीवर पेरण्याची जोड द्यावी. अतिवृष्टीत जादा पाणी सरीने निघते व उघाडीत ओल टिकते. शेजाऱ्याचा बांध कोरून दोन तास वाढविण्याची आमची जी खोड आहे, तिने वसंतरावांच्या काळातील बांध कोणत्याही पुरापेक्षा अधिक नाहीसे केले.

गावकऱ्यांस आम्ही इतकेच सुचविले आहे की, शिळेचे काम दोन वर्षे तहकूब ठेवावे. तलावाखालील पाच विहिरी निवडाव्या, त्यांतील पाण्याची खोली दसऱ्यास, संक्रांतीस व गुढीपाडव्यास दोरीने मोजावी, आणि तीन कोरी पाने असलेल्या वहीत तारखेसह लिहावी. तितक्याच पाच विहिरी तलावाच्या वरच्या अंगाच्या घ्याव्या, म्हणजे पावसाचा वाटा कोणता व तलावाचा कोणता हे कळेल. वृद्ध मंडळींस हे पटले नाही. शिळेसाठी गोळा झालेल्या वर्गणीतून सांडव्याची डागडुजी मात्र सुरू झाली आहे, आणि दसऱ्याची पहिली मोजणी शिक्षक महाशय स्वतः करणार आहेत.