रद्द झालेले विमान आणि क्रेडिट कार्डाचा आधार

प्रश्न : दलालामार्फत क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाचे विमान कंपनीनेच रद्द केले, परताव्यातून मात्र ‘प्रक्रिया शुल्क’ कापले गेले. बँक काही करील काय?
— एक वाचक, नातेपुते

उत्तर : प्रवाशाने आपखुशीने बेत बदलला असता जी कपात त्याला निमूटपणे सोसावी लागते, ती येथे गैरलागू आहे, किंबहुना परताव्यासाठी कंपनीने निराळा आकार घेऊ नये आणि कार्डाने भरलेली रक्कम ७ दिवसांत कार्डखात्यावर जमा करावी, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा दंडकच आहे. दलालाने आपला मेहनताना आरंभीच स्पष्ट सांगितला असेल, तर तेवढा परत मिळण्याची आशा थोडी.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याचे ७५ वे कलम १०० पौंडांवरील खरेदीत कार्ड देणाऱ्या संस्थेलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. आपल्याकडे तसा कायदा नाही, आहे ती कार्डकंपन्यांच्या नियमांवर चालणारी ‘चार्जबॅक’ची वहिवाट. ३ मे २०२३ पासून दिवाळखोरीत निघालेल्या गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणे थांबली, तेव्हा तिचे मोल ध्यानी आले : दिवाळखोरीच्या कामकाजात धनको म्हणून दावा गुदरून तिष्ठत बसण्यापेक्षा विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम वळती करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

यास्तव कपातीपुरता लेखी अर्ज, विमान रद्द झाल्याचा संदेश जोडून, बँकेस विनाविलंब द्यावा, कारण या वहिवाटीची मुदत बेताची असते. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.