मलाकालला निघालेल्या भाच्याला

बापू, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून मलाकालला जातोयस, तर पहिली गोष्ट ही की दक्षिण सुदानात कोणालाही त्याची जमात विचारायची नाही. आपल्या उंद्रीत नवा माणूस दिसला की पहिल्या दोन वाक्यांत आडनाव निघतं, तिसऱ्यात पाहुणे कुठले ते निघतं. ती सवय विमानात बसण्याआधीच सोड. ९ जुलै २०११ ला तो देश स्वतंत्र झाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये अध्यक्ष साल्वा कीर आणि रिएक माचार यांच्या भांडणातून लढाई पेटली. कीर डिंका जमातीचे, माचार नुएर. त्या दिवसांत ‘तू कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरावर माणसं मारली गेली. काही जणांच्या कपाळावर लहानपणी घातलेल्या रेघा असतात, शिलुक जमातीच्या लोकांच्या कपाळावर ठिपक्यांची ओळ असते. तिकडे टक लावून बघू नकोस, फोटो तर अजिबात नको. त्याऐवजी पोरंबाळं कशी आहेत, पाऊस कसा झाला, गुरांना चारा आहे का, हे विचार. बोलणं आपोआप सुरू होतं.

गुरांचं तुला जास्त सांगतो, कारण तू शेतकऱ्याचा पोर आहेस आणि इथंच तुझा फायदा आहे. डिंका आणि नुएर लोकांचं सगळं जगणं गाईभोवती आहे. लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना गुरं देतात, खुनाची भरपाईही गुरांनीच होते. डिंका तरुण आपल्या आवडत्या बैलाच्या रंगावरून नाव घेतो, त्याच्यावर गाणी रचतो, त्याच्या शिंगांच्या टोकांना गोंडे बांधतो. आपल्या पोळ्याला आपण शिंगं रंगवून त्यावर बेगड लावतो, तेव्हा तुला वेगळं काही वाटणार नाही. मी तिकडे असताना एका म्हाताऱ्याला दुभाष्यामार्फत पोळ्याचं सांगितलं. बैलाला अंघोळ, पुरणपोळी, वर्षातून एक दिवस त्याला जू नाही, हे ऐकून तो बराच वेळ माझा हात धरून बसला. तेव्हापासून रस्त्यात दिसला की थांबायचा.

पण किती गुरं आहेत, हे कोणालाही विचारू नकोस. कोणाच्या बँकेत किती पैसे आहेत, हे आपण विचारतो का? आणि गस्तीवर कळप आडवा आला तर गाडी बंद करून थांब. हॉर्न नको, वाट काढायची घाई नको. गाडीखाली एक गाय आली तर भरपाईची बोलणी आठवडाभर चालतात आणि त्या वस्तीत तुझ्या मागून येणाऱ्या पलटणीलाही कोणी ओळख देत नाही. मलाकालला आपल्या सेनेचे पशुवैद्य लोकांच्या गुरांवर उपचार करतात. सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला मिळालं तर नाही म्हणू नकोस. बंदुकीकडे पाहून दूर राहणारा माणूस आजारी वासरू घेऊन स्वतः चालत येतो, हे तिथंच पाहायला मिळेल.

माती काळीच आहे. मे ते ऑक्टोबर ती आपल्या शेतातल्यासारखीच चिकटते. गाड्या रुततात, विमानं उतरत नाहीत, सामान नाईलवरून बार्जनं येतं किंवा येतच नाही. पंजाब-राजस्थानची पोरं पहिल्या पावसात गांगरतात. तू त्यांना सांग, ओल्या काळ्या मातीत गाडी घालायची नसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत पाय मुरगळतो, तेही सांग.

जेवायला बोलावलं तर बस. ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पसरलेली किसरा मिळेल, सोबत भेंडीचं कालवण. चव आंबूस असते, दुसऱ्या घासाला जमते. खाताना, देताना, घेताना उजवाच हात वापर. चहा बिनधास्त घे, तो उकळलेला असतो आणि साखर भरपूर असते. पाणी मात्र कोणाच्याही घरचं नको, तळ्याचं तर नकोच. आपल्या आजोबांच्या पिढीनं अशाच पाण्यातून होणारा नारू पाहिला. भारत २००० मध्ये त्यातून सुटला, पण तो देश अजून त्याच्याशी झगडतोय. पाणी न घेण्याचा कोणी राग मानत नाही, फक्त छातीवर हात ठेवून ‘शुक्रन’, म्हणजे धन्यवाद, म्हण.

आता जे मामा म्हणून सांगायला जड जातं, तेही सांगतो. तिथल्या बाईशी पैशाच्या, बिस्किटाच्या किंवा कसल्याही मदतीच्या बदल्यात संबंध ठेवणं हा गुन्हा आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्येच त्याचा स्पष्ट नियम केला. अठराच्या आतल्या मुलीबाबत ‘वय माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. छावणीच्या कुंपणाला भुकेली माणसं उभी असतात, आपल्या हातात शिधा असतो. त्या परिस्थितीत समोरच्याचा होकार खरा होकार नसतो. कोणी साथीदार चुकत असेल तर गप्प बसू नकोस.

घरी फोन करताना घड्याळ बघ. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले की उंद्रीत साडेनऊ होतात आणि तुझी आई लवकर झोपते. ती टीव्हीवर काही पाहून घाबरली तर खोटं बोलू नकोस. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोच्या तळावर आश्रयाला आलेल्या लोकांना वाचवताना आपले दोन जवान गेले, हे तिला माहीत आहे. ‘काही नाही होत’ म्हणण्यापेक्षा आज काय जेवलास, कोणाशी बोललास, ते सांग. मिशनच्या भत्त्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आताच ठरवू नका, हे मी तुझ्या बापाला सांगतोच. पैसे खात्यात आल्यावर बघू.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टातच ठेव. ते नसेल तर परतताना विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या तिथं चुकवू नकोस आणि घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घे. सुट्टीत ताप आला तर ‘प्रवासाची दगदग’ म्हणून अंगावर काढू नकोस. त्याच दिवशी चिखलीला जा आणि डॉक्टरांना आधी सांग की दक्षिण सुदानहून आलोय, मलेरियासाठी रक्त तपासा.