जलवाहिन्यांवर नजर ठेवणारं करिअर

मीरा-भाईंदरच्या पालकांना पाण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. एमआयडीसीने किंवा स्टेम या पाणीपुरवठा कंपनीने शटडाऊन जाहीर केला की सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरतो, आणि पुरवठा सुरू झाल्यावरही दाब पूर्ववत व्हायला वेळ लागतो. शहराला स्वतःचं धरण नाही. बारवीचं पाणी एमआयडीसीमार्फत येतं, उल्हास नदीचं पाणी स्टेमकडून. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेत शहराच्या वाट्याला दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरलेलं आहे. पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणं हे एक काम झालं. वेशीतून आत आलेलं पाणी कोणत्या वाहिनीत किती गेलं, कुठे मुरलं आणि शेवटच्या इमारतीपर्यंत किती पोचलं, याचा हिशेब ठेवणं हे दुसरं. हा लेख त्या दुसऱ्या कामात करिअर करू पाहणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

हा हिशेब आजवर कानांनी ठेवला गेला. रात्री रहदारी थांबली की गळती शोधणारे कर्मचारी लोखंडी गज व्हॉल्व्हवर टेकवतात आणि दुसऱ्या टोकाला कान लावतात. दाबाखालचं पाणी फटीतून निसटताना आवाज करतं आणि तो धातूतून दूरवर जातो. बिनतारी सेन्सर हेच काम न झोपता करतो. चेंबरमध्ये बसवलेलं यंत्र पाण्याचा दाब, प्रवाह किंवा कंपन मोजतं, बॅटरीवर वर्षानुवर्षं चालतं आणि ठरावीक वेळाने आकडे मोबाइलच्या जाळ्यातून किंवा लोरासारख्या कमी ऊर्जेच्या रेडिओवरून पालिकेच्या संगणकाला पाठवतं.

यातलं गणित अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचं नाही. समजा, ५०० मीटर अंतरावर दोन सेन्सर आहेत आणि लोखंडी वाहिनीत आवाज सेकंदाला साधारण १००० मीटर जातो. गळतीचा आवाज पहिल्या सेन्सरला ०.१ सेकंद आधी पोचला, तर दोघांपासूनच्या अंतरातला फरक १०० मीटर. म्हणजे गळती पहिल्यापासून २०० मीटरवर आणि दुसऱ्यापासून ३०० मीटरवर. नळ प्लास्टिकचा असेल तर आवाजाचा वेग बराच घटतो, हिशेब बदलतो. म्हणून जमिनीखाली कोणता नळ आहे हे माहीत नसलेल्या प्रोग्रामरचं उत्तर चुकतं आणि रस्ता भलत्याच ठिकाणी खोदला जातो.

माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आपल्या शहरातच आहे. परदेशी पुस्तकांतल्या बहुतेक पद्धती चोवीस तास भरलेल्या वाहिन्या गृहीत धरतात. सिंगापूरमध्ये २००९च्या सुमारास एमआयटीशी संलग्न संशोधकांनी तिथल्या पाणी मंडळाबरोबर वॉटरवाइज हा सेन्सरचा प्रकल्प केला. तिथली वाहिनी कधी रिकामी होत नाही. आपल्याकडे ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडतो. अशा वेळी दाबाचा आलेख पाहण्यासारखा असतो. आधी शून्य, मग रिकाम्या नळातली हवा बाहेर ढकलली जाते आणि तिच्यामुळे यांत्रिक मीटर पाण्याविनाच फिरतो. दाब चढतो आणि इमारतींच्या खालच्या टाक्या एकदम भरू लागल्या की घसरतो. जवळच्या टाक्यांचे बॉलकॉक बंद झाले की तो पुन्हा वाढतो, तेव्हा कुठे शेवटच्या इमारतीत धार येते. रोज असा चढ-उतार होत असेल, तर गळतीमुळे घसरलेला दाब आणि टाक्या भरताना घसरलेला दाब यांतला फरक ओळखणं हे खरं कौशल्य. ते आपल्या गावातच शिकता येतं.

प्रत्यक्ष जागेवरच्या अडचणीही इथल्याच आहेत. पावसाळ्यात चेंबर पाण्याने भरतात आणि पाण्यातून रेडिओ लहरी फारशा जात नाहीत. वर जड लोखंडी झाकण. खाडी आणि मिठागरांमुळे दमट, खारट हवा, त्यामुळे जोडण्या गंजतात. अँटेना कुठे काढायची, डबा कसा सीलबंद करायचा, यात पाच वर्षं घालवलेल्या माणसाला कंत्राटदार सोडत नाहीत.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देताना दुरून वाचता येणारे मीटर बसवले. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेतही असे मीटर आहेत. नागपुरात २०१२पासून चोवीस तास पाणीपुरवठ्याचा खासगी भागीदारीतला प्रकल्प चालू आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या अमृत २.० अभियानाने शहरांना हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या खाली आणायला सांगितलं आहे. मोजल्याशिवाय ते खाली येणार नाही, आणि मोजायला माणसं लागतील.

आता शिक्षण. दहावीनंतर इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा सिव्हिलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग मला बारावीच्या शर्यतीपेक्षा अधिक सुरक्षित वाटतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेडही चांगला. बारावीनंतर जाणाऱ्यांनी एमएचटी-सीईटी द्यावी आणि शाखा निवडताना सिव्हिलला कमी लेखू नये. सिव्हिलच्या मुलाने पायथॉन शिकायचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने जलगतिकी शिकायची, म्हणजे दोघेही कामाचे होतात. पुढे गेट देऊन आयआयटीत जलसंपदा अभियांत्रिकीत एम.टेक. करता येतं.

पालकांचा खरा प्रश्न नोकरीचा असतो. स्पष्ट सांगायचं तर पालिकेत आणि महाराष्ट्र जीवन प्राधिकरणात कायमच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांच्या जाहिराती नियमित निघत नाहीत. सुरुवात बहुधा कंत्राटदाराकडे, मीटर बनवणाऱ्या कंपनीत किंवा सल्लागार संस्थेत होते. रात्रपाळी येते, चिखलात उतरावं लागतं, सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर कंपनीइतका नसतो. पण शहर पाण्याशिवाय एक दिवस चालत नाही, त्यामुळे हे काम मंदीतही थांबत नाही. आणि ‘तीन महिन्यांत आयओटी तज्ज्ञ’ अशा महागड्या क्लासला कृपा करून पैसे भरू नका. त्या प्रमाणपत्राने चेंबरमधलं काम येत नाही.

त्याऐवजी एपानेट हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मुंबई आयआयटीत तयार झालेलं जलतंत्रही मोफत आहे. आपल्या सोसायटीपासून मुख्य वाहिनीपर्यंतचं जाळं त्यावर रेखाटून बघा. दोन-तीनशे रुपयांचा दाबमापक टाकीच्या आधीच्या नळाला जोडून, पाणी आल्यापासून जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा आणि आलेख काढा. मुलाला किंवा मुलीला त्यात रस वाटला, तर डिप्लोमाच्या प्रवेशअर्जात इन्स्ट्रुमेंटेशन किंवा सिव्हिलचा पर्याय वर टाका. कॉम्प्युटरची जागा हुकल्याचं दुःख करत बसू नका.